देवघरातला जेट

लातूरहून चाकूरला येणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत जागा मिळणं ही मुळात नवसाची गोष्ट. अयोध्याला त्या दिवशी ती मिळाली होती, तीही खिडकीची. सातवीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन तिनं डोळे मिटले, आणि तेवढ्यात गुडघ्याला काहीतरी थंडगार, टणक टेकलं.

डोळे उघडून बघते तर समोर एक सायलेन्सर. मोटारीचा, लांबलचक, गंजलेला. त्याचं एक टोक तिच्या गुडघ्यापाशी आणि दुसरं टोक एका उंच, सावळ्या माणसाच्या खांद्यावर. माणूस घामाघूम झाला होता, पण चेहरा असा प्रसन्न की जणू लग्नाच्या वरातीत उभा आहे.

"पाय जरा तिकडं घेता का मॅडम? ह्येला वाकवता येत न्हाई."

"आणि मला येतं?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. खरंच विचार केल्यासारखा चेहरा केला. "प्रयत्न तर करून बगा…"

अयोध्यानं मान फिरवली ती चाकूर येईपर्यंत. उतरल्यावर पाहिलं, तर नवीन पिवळ्या साडीवर काळ्या ऑइलचा हा एवढा पट्टा. तिच्या मस्तकात तिडीक गेली. त्यात भर म्हणजे तो माणूस सायलेन्सर घेऊन तिच्या मागोमाग चालत होता. ती पिठाच्या गिरणीशी वळली, तो वळला. ती गल्लीत शिरली, तोही शिरला. शेवटी ती गर्रकन उलटी फिरली आणि सायलेन्सर तिच्या कानापासून वीतभर अंतरावर थांबला.

"माझ्या मागं का येऊन राहिले तुम्ही?"

"मागं न्हाई हो. तुमी म्होरं चालून राहिल्या, त्येला म्या काय करू?" त्यानं घाम पुसला. "शिवशंकरअप्पांचं घर कोनतं हो? त्येंच्या फियाटमधी कोंबड्या अंडी घालतात म्हनं."

अयोध्यानं कपाळाला हात लावला. शिवशंकरअप्पा म्हणजे तिचे वडील. आणि कोंबड्यांचं खरं होतं.

ती फियाट म्हणजे त्या घरातलं कायमचं दुखणं होतं. मलईच्या रंगाची, आता मलईचा रंग कुठे आणि गंज कुठे हे न कळणारी. अप्पांनी ती लग्नानंतर लगेच नांदेडहून जुनीच घेतली होती, आणि पहिल्या येळवशीला यशोदाबाई तिच्यात बसून, आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन शेताला गेल्या होत्या. मग गाडी थकली. पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, तिच्यावर कडबा रचला गेला, आणि पुढच्या सीटवर एका लाल कोंबडीनं कायमचा मुक्काम टाकला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर-नांदेडकडे घरात माणूस सापडायचा नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, घरच्या लक्ष्मीनं त्यांची पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील हाणायची. पण दोन वर्षं झाली, यशोदाबाई शेताला गेल्या नव्हत्या. गुडघ्यांनी दगा दिला होता. ट्रॅक्टरवर चढता येईना, जीपची पायरी उंच, मोटारसायकलवर बसायला धीर होईना. दोन्ही वर्षं पांडवांची पूजा जावेनं केली आणि यशोदाबाई ओट्यावर बसून रिकाम्या गल्लीकडे बघत राहिल्या. सून म्हणून आल्यापासून जी पूजा कधी चुकली नाही, ती चुकली होती. यंदा त्यांनी एकच वाक्य टाकलं होतं. फियाट बसकी हाय, तिच्यात बसता येतं. फियाट चालू झाली तर जाईन.

म्हणून अप्पांनी देगलूरच्या महादेवप्पांकडे निरोप धाडला. महादेवप्पांनी या गाडीची तरुणपणी देखभाल केलेली. आता त्यांची नजर गेली होती, म्हणून मुलगा आला, लातूरच्या बाजारातून सायलेन्सर उचलून. सिद्धराम. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं वेड लागलेला, आणि अयोध्याच्या मते वेळेचं भान अजिबात नसलेला.

पहिल्याच दिवशी त्यानं साडीचा डाग काढून देतो म्हणून रॉकेलचा बोळा फिरवला. डाग दुप्पट पसरला. अयोध्यानं ती साडी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि त्या माणसाशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं.

पण काम संपेल तर ना. तो दर शनिवारी देगलूरहून यायचा, रात्री बैठकीत झोपायचा, रविवारी उशिरा परत जायचा. गाडी कधी चालू होईल विचारलं की म्हणायचा, "हुईल की." कधी? "हुईल, हुईल." त्याच्या बोलण्यात तारीख म्हणून नसायची. गणिताच्या बाईंना याचा जो त्रास व्हायचा तो काय सांगावा. त्यात कोंबडीला सीटवरून हलवायला तो तयार नव्हता. ती खुडुक बसली आहे, पिल्लं निघेपर्यंत पुढच्या सीटचं काम थांबवू, असं त्यानं गंभीरपणे जाहीर केलं आणि अप्पांनी मान डोलावली.

"गाडी दुरुस्त करायला आलात की कोंबडीचं बाळंतपण करायला?" अयोध्यानं विचारलं.

"दोन्ही. एका खर्चात." तो गाडीखालून म्हणाला. मग पान्हा धरलेला हात बाहेर आला. "मॅडम, ती बारीक बॅटरी धरता का जरा?"

तिनं धरली. का धरली कुणास ठाऊक. उजेड पाडायचा तिथे न पडता त्याच्या कपाळावर पडला, तिथे एक ऑइलचा ठिपका होता, अगदी टिकलीसारखा मधोमध, आणि तो डोळे बारीक करून हसला. अयोध्यानं बॅटरी खाली ठेवली आणि भाजी करपते म्हणून आत निघून गेली. चुलीवर भाजी नव्हतीच.

घोळ झाला तो खंडेनवमीला.

सिद्धराम सणाला आपल्या घरी गेला होता. जाताना त्यानं कार्बोरेटर उलगडून, एकेक भाग पेट्रोलनं धुऊन पोत्यावर मांडून ठेवला होता. इकडे घरात अवजारांची पूजा मांडली गेली. विळा, कुऱ्हाड, फाळ, यशोदाबाईंचं शिलाई मशीन, अयोध्याची कंपासपेटी. यशोदाबाई म्हणाल्या, गाडीचंबी काहीतरी आना, ती काय परकी हाय का. आणि अप्पांनी पोत्यावरचं सगळ्यात चकचकीत काय ते उचलून आणलं. करंगळीच्या नखाएवढं पितळी, मधून केसाएवढं भोक असलेलं. कार्बोरेटरचा जेट. पेट्रोल त्यातूनच इंजिनाला जातं, तो नसेल तर गाडी म्हणजे नुसता पत्रा. त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या धांदलीत अवजारं जागच्या जागी गेली आणि जेट राहिला तो राहिलाच, देवघराच्या खालच्या पायरीवर, खंडोबाच्या टाकाशेजारी. यशोदाबाईंच्या डोळ्यांना तो रोज एखाद्या बारक्या देवासारखा दिसत राहिला आणि रोज त्याच्यावर कुंकवाचं बोट उमटत राहिलं.

सिद्धराम परत येऊन जेट शोधू लागला, तेव्हा अप्पांना काहीएक आठवेना, आणि पूजेला गाडीचा एखादा पान्हा ठेवला असेल असंच यशोदाबाईंनी धरलं होतं. मी कशाला उचलू, म्हणाले.

मग सुरू झाली शोधाशोध. शेडमधली माती चाळणीनं चाळली. कोंबडीला उचलून तिच्याखाली पाहिलं, तिनं सिद्धरामच्या मनगटाला चोच मारली. अयोध्या पदर खोचून गुडघ्यावर बसून पोत्याचे कोपरे झटकत होती, आणि शेजारी तोही गुडघ्यावर. डोक्याला डोकं लागलं.

"लागलं?"

"डोकं आहे माझं, नारळ नाही."

"नारळ असता तर पानी तरी मिळालं असतं," तो म्हणाला, आणि खरं तर चिडायला हवं होतं, पण तिला हसू आलं. तिनं ते खोकल्यात घालवलं.

त्यानं दुसरे जेट आणून पाहिले. एक हैदराबादहून, एक नांदेडहून. एकाचे आटे बसेनात. दुसरा बसला, पण गाडी खोकली, थरथरली, काळा धूर तिनं अयोध्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडला आणि गप्प झाली. अयोध्यानं सगळे कपडे पुन्हा धुतले. प्रत्येक पिळ्याला तिनं त्या माणसाचं नाव घेतलं.

आणि मग दिवाळी आली. देव घासायला घेतले ते अयोध्यानंच. चिंच लावून एकेक टाक घासता घासता हातात एक विचित्र देव आला. कुंकवाचा थर निघाला, खाली पितळ, मधोमध भोक, आणि कडेला कोरलेला आकडा.

ती तशीच बसून राहिली. शेडमधून सिद्धरामचं गुणगुणणं ऐकू येत होतं, कानडी होतं की तेलुगू कोण जाणे. उठायचं आणि हा त्याच्या हातावर ठेवायचा, एवढंच काम होतं. रविवार संपायच्या आत गाडी चालू झाली असती. आई शेताला गेली असती. आणि तो देगलूरला.

पुढच्या शनिवारी एसटी स्टँडवरून सायलेन्सर, बंपर, नाहीतर कसली तरी नळी घेऊन कुणीही आलं नसतं.

अयोध्यानं जेट कोरडा केला. त्याला कुंकू लावलं. खंडोबाशेजारी जसा होता तसा ठेवला. आणि मग स्वतःवरच इतकी वैतागली की रात्री जेवली नाही. आईच्या गुडघ्याशी बेइमानी, तीही एका डाग पाडणाऱ्या माणसापायी. येळवशीला अजून अवकाश आहे, तिनं मनाला समजावलं. त्याआधी देईन. देणारच आहे.

देणारच आहे म्हणता म्हणता कार्तिक गेला. सिद्धरामनं बाकी सगळं करून टाकलं. ब्रेक, वायरिंग, सीटची गादी, नवा मलई रंग. कोंबडी पिल्लांसकट बाहेर आली. गाडी अंगणात नवरीसारखी सजून उभी होती आणि चालत नव्हती. तो तरीही यायचा. जेवायला बसण्याआधी हातपाय धुऊन देवघरापाशी जायचा, वाकून नमस्कार करायचा, नको तेवढा वेळ. यशोदाबाईंना त्याचं फार कौतुक. अयोध्या मात्र त्या वेळी ताटं मांडायच्या निमित्तानं पाठ फिरवायची.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यानं सांगितलं. हैदराबादला एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाकडे काम मिळालंय, येळवस झाली की निघायचंय. इथलं काही जमलं नाही, अप्पांनी माफ करावं. अप्पा बशीकडे बघत राहिले. यशोदाबाई म्हणाल्या, असू दे बाबा, तू काय कमी खटपट केलीस. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी हळूच पदर डोळ्यांना लावला.

ते अयोध्यानं पाहिलं आणि ती उठली.

देवघरातून जेट उचलला. तिथे कुंकवाचं गोल रिकामं वर्तुळ उरलं. देवाची जागा मोकळी ठेवू नये हे आईचं लहानपणापासूनचं सांगणं. तिनं पूजेच्या ताटातली एक सुपारी त्या वर्तुळात ठेवली, हात जोडले आणि अंगणात आली. सिद्धराम बॉनेटला रेलून उभा होता. तिनं मूठ पुढे केली, उघडली.

त्यानं जेटकडे पाहिलं. तो दचकला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "आज दिला तुमी."

"म्हणजे?"

"म्हंजे… दिवाळीच्या आधीच दिसला हुता मला. खंडोबाच्या बाजूला. रोज पाया पडून राहिलो की त्येच्या."

अयोध्याची कानशिलं तापली. "आणि बोलला नाहीत? आई तिकडं डोळे पुसायली, अन् तुम्ही…"

"आज सांजच्याला मागनारच हुतो, यशोदामावशीची शपथ. रातीतून बसवला असता." त्यानं मान खाली घातली. मग हळूच वर पाहिलं. "पन मॅडम, सांजच्याला दिवा तुमीच लावता. दिवाळीत देव तुमीच घासले. तुमाला दिसला नसंल, असं कसं हुईल? दर शनवारी वाटायचं, आज देतील, म्हनतील घ्या आन् जा. तुमी देऊन न्हाई राहिल्या. मग म्याबी इचारलं न्हाई."

गल्लीतून एक बैलगाडी गेली. अयोध्यानं तिच्याकडे बघायचं निमित्त केलं.

"आता दिला," सिद्धराम म्हणाला. त्याचा नेहमीचा हसरा चेहरा पहिल्यांदाच पडला होता. "म्हंजे आता येऊ नको म्हनता का…"

अयोध्याला वाटलं याच्या डोक्यात तो सायलेन्सर घालावा. एवढा शहाणा माणूस, आणि एवढंही कळू नये.

"गाडी चालू करा म्हणते मी," ती म्हणाली. "येऊ नका असं कोण म्हणलं?"

ती तरातरा आत गेली, आणि आत जाऊन दाराआडून बघत राहिली. तो बराच वेळ जेट तळहातावर घेऊन उभा होता. मग शर्टाच्या टोकानं त्यानं त्यावरचं कुंकू पुसलं, पण सगळं नाही पुसलं.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला खोकली, मग एकदम अशी गुरगुरली की लाल कोंबडी पिल्लं टाकून पळाली. ओट्यावर बसलेल्या यशोदाबाई गुडघे विसरून उभ्या राहिल्या, आणि त्यांचं ते उभं राहणं बघून अयोध्या दाराआड रडली.

येळवशीला फियाट शेताला निघाली. सिद्धराम चालवायला, शेजारी यशोदाबाई, मांडीवर आंबिलीचं मडकं. मागे अप्पा आणि अयोध्या, भज्जीची पातेली, उंड्यांची दुरडी. वेशीपाशी हॉर्न अडकला आणि शेतापर्यंत वाजतच राहिला. अख्खं शिवार कोपीतून बाहेर येऊन बघत होतं. अप्पा खिडकीतून हात हलवत होते, अयोध्या कानात बोटं घालून बसली होती, आणि समोरच्या आरशात दोन डोळे रस्ता सोडून तिच्याकडे बघत होते.

"समोर बघा," ती ओरडली. हॉर्नमध्ये काही ऐकू गेलं नाही. किंवा गेलं, पण ऐकलं नाही.

हरभऱ्याच्या कडेला, कोपीत, यशोदाबाईंनी पांडवांपुढे पाट मांडला. बसताना एका बाजूनं अयोध्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं जावेनं. पूजा त्यांनी सावकाश केली, दोन वर्षांची राहिलेली सगळी एकदम केल्यासारखी. अप्पांनी आंबील शिंपडत शेताला फेरी घातली आणि घसा बसेपर्यंत येळवशीचा "ओलगे ओलगे" असा पुकारा केला. सिद्धरामनं इतकी भज्जी खाल्ली की यशोदाबाईंनी पातेलंच त्याच्यापुढे सरकवलं.

उन्हं कलल्यावर सगळे घरी परतले. सिद्धरामनं पिशवी उचलली. रात्रीची हैदराबादची गाडी धरायची होती. अप्पांना नमस्कार झाला, यशोदाबाईंना झाला. अयोध्या फियाटला टेकून उभी होती, अंगावर तीच पिवळी साडी, पसरलेल्या डागासकट. तो समोर येऊन उभा राहिला.

तिनं हात पुढे केला. "जेट द्या."

"कोनता?"

"काढून द्या. बॉनेट उघडा."

"अगं, आत्ता कुठं चालू झाली," अप्पा ओट्यावरून कळवळले. "बंद पडंल की."

"पडू द्या," अयोध्या म्हणाली. तिचं लक्ष सिद्धरामकडे होतं. "हैदराबादला शौकिनाच्या गाड्या करा, चार महिने करा, सहा करा. पण ही बंद पडलेली ध्यानात राहील ना तुमच्या? ही चालू करायला यावंच लागेल. तुमच्या 'हुईल हुईल'वर माझा भरवसा नाही."

सिद्धराम तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या, बॉनेट उघडलं. इंजिन अजून गरम होतं, बोटं भाजली असतील, पण तो हसत होता. जेट त्यानं तिच्या तळहातावर ठेवला. ऊनऊन होता. त्यानं हात लगेच काढून घेतला नाही, आणि तिनंही मूठ मिटायची घाई केली नाही.

"म्या लई तरसलो हो," तो हळू म्हणाला, "शनवारची वाट बगून बगून."

"मी काय नाचत होते का?" ती म्हणाली. "मीही तेच केलं."

ती आत गेली. देवघरात वाकून सुपारी उचलली, तिच्या जागी जेट ठेवला, कुंकू लावलं. बाहेर येऊन सुपारी हातात घेऊन घुटमळली, परत ताटात टाकावी की काय करावं कळेना. यशोदाबाई बघत होत्या. हिकडे आन म्हणाल्या. सुपारी बोटांत फिरवून पाहिली, लेकीकडे पाहिलं, अंगणात बॉनेट लावायचं विसरून उभ्या असलेल्या त्या पोराकडे पाहिलं. सोयरीक ठरते तेव्हा सुपारी फोडतात हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

"महिना झाला की येशील नव्हं रं?" त्यांनी विचारलं.

"येतो की मावशी."

"येताना आईला, मल्लम्माबाईला, अन् महादेवप्पाला घिऊन ये." यशोदाबाईंनी सुपारी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा आवळली. "ही तवा फोडू."